काथ्याच्या जाळ्याचं गाव

इटलीच्या किनाऱ्यावर सुटीला कुठं जायचं, असं विचारलं की बहुतेकांच्या तोंडी दोनच नावं येतात. दक्षिणेला पोझितानो, उत्तरेला चिंक्वे तेर्रेची पाच गावं. दोन्हीकडचं सौंदर्य वादातीत आहे. पण ऐन उन्हाळ्यात तिथल्या अरुंद पायऱ्यांवर इतकी गर्दी उसळते की समुद्र बघायचा तो पुढच्याच्या खांद्यावरून. माझं मत विचाराल तर जिनोव्हाला उतरा आणि पूर्वेकडची साधी पॅसेंजर पकडा. तासाभराच्या आत कामोल्यी येतं.

बंदराला लागून पाच-सहा मजली घरांची सलग रांग उभी आहे. गेरू, गुलाबी, हळदी असे एकेकाचे रंग. नीट पाहिलं तर कळतं, काही खिडक्या खऱ्या नाहीतच. झडपा आणि नक्षी भिंतीवर रंगवलेली आहे. समुद्रावरून परतणाऱ्या खलाशाला आपलं घर लांबून ओळखता यावं म्हणून हे रंग, असं गावात सांगतात. एकोणिसाव्या शतकात इथल्या शिडाच्या जहाजांचा ताफा एवढा मोठा होता की ‘हजार शुभ्र शिडांचं शहर’ अशी गावाची ख्याती झाली. १८५३ मध्ये इथल्या जहाजमालकांनी एकत्र येऊन जहाजांचा परस्पर विमाही सुरू केला. वाफेची जहाजं आली आणि ते वैभव ओसरलं. मासेमारी मात्र राहिली.

मी हे गाव निवडतो ते या मासेमारीसाठीच. कामोल्यी आणि पुंता क्याप्पा यांच्या मधल्या पाण्यात वसंतापासून उन्हाळा सरेपर्यंत ‘तोन्नारेल्ला’ लावतात. किनाऱ्याजवळून जाणारे मासे अडवून एका कोंडीत नेणारं हे मोठं स्थिर जाळं. ते नारळाच्या काथ्याचं असतं, आणि कोळी ते दर हंगामाला नव्यानं विणतात. कोकणात सोडणं भिजवून, कुटून सुंभ वळणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या जाळ्याशी वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही. काथ्या पाण्यात कुजून जातो, नायलॉनसारखा वर्षानुवर्षं तळाशी पडून राहत नाही. मासळी वर घेताना जाळं हातांनीच ओढतात. पाहुण्यांना दाखवण्यासाठी जपलेला हा देखावा नव्हे, त्यावर घरं चालत आली आहेत.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मासळीचा उत्सव असतो. कोळ्यांचा रक्षक संत फोर्तुनातो याच्या नावानं आदल्या रात्री किनाऱ्यावर होळ्या पेटतात. दुसऱ्या दिवशी सुमारे ४ मीटर व्यासाच्या कढईत मासे तळून वाटतात. ही प्रथा १९५२ पासूनची. मासे न खाणाऱ्यांनी शेजारच्या रेक्को गावाचा चीज भरलेला पातळ फोकाच्चा खावा. पोट भरतं आणि मनही.

एक दिवस सान फ्रुत्तुओसोसाठी राखून ठेवा. डोंगराच्या कुशीत, छोट्याशा खाडीच्या काठाशी जुना मठ आहे. जिनोव्हाच्या दोरिया घराण्याच्या समाध्या तिथेच आहेत. समोरच्या पाण्यात सुमारे १७ मीटर खोलीवर, हात उंचावलेला येशूचा ब्राँझ पुतळा १९५४ मध्ये उतरवला. शिल्पकार ग्विदो गालेत्ती. १९४७ मध्ये याच पाण्यात बुडी मारताना दारिओ गोन्झात्ती यांचा मृत्यू झाला. त्यांच्या स्मरणातून ही कल्पना निघाली.

मऊ वाळू हवी असेल तर हे गाव तुमचं नाही. किनारा गोट्यांचा आहे, रबरी तळव्याच्या चपला लागतील. गुडघे दुखत असतील तर स्टेशनापासून बंदरापर्यंतचा उतारही जपून उतरावा लागेल. बाकी चार दिवस हाताशी असतील तर मे किंवा सप्टेंबरात बेधडक इथं या. सान फ्रुत्तुओसोला गेलात तर परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ आधी विचारून ठेवा. तिथं मोटारीचा रस्ता नाही. बोट चुकली तर डोंगरातली काही तासांची पायवाट तेवढी उरते.