शिधा, खिडकी आणि शनिवार

बर्लिनच्या संग्रहालयात मातीच्या काही पाट्या आहेत. कीलाकृती लिपीत बारीक टोचलेला मजकूर, आणि तोही कसला, तर कोठीचा हिशेब: राजवाड्यातून कोणाला किती तेल दिले. रॉबर्ट कोल्डेवे यांच्या बाबेलमधील उत्खननात त्या सापडल्या आणि १९३९ मध्ये अर्न्स्ट वाइडनर यांनी त्यांचे वाचन प्रसिद्ध केले. ग्रीक सुतार आणि अश्कलोनचे राजपुत्र यांच्याबरोबर तिथे एक नाव आहे: यहूदाचा राजा यहोयाखीन. त्याच्या पाच मुलांना मिळून अडीच सिला, म्हणजे साधारण अडीच लिटर तेल. एका पाटीचा काळ इ.स.पू. ५९२ येतो.

हा राजा बायबलच्या वाचकांच्या ओळखीचा आहे. अठराव्या वर्षी गादीवर आला, तीन महिने टिकला आणि इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने त्याला यरुशलेममधून धरून नेले. पुढे ५८६ च्या सुमारास मंदिरही जळाले. राजांच्या दुसऱ्या ग्रंथाचा शेवट मात्र त्या राखेवर होत नाही. पाडावपणाच्या सदतिसाव्या वर्षी यहोयाखीनची तुरुंगातून सुटका होते, त्याची कैद्याची वस्त्रे बदलली जातात आणि त्याला रोज बाबेलच्या राजाच्या पंगतीला स्थान मिळते. ग्रंथातला तो रोजचा शिधा आणि कोठीच्या पाटीवरचे तेल, दोन्ही एकाच बंदिवासाच्या नोंदी आहेत.

दानीएलची सिंहांची गुहा, तीन तरुणांची धगधगती भट्टी, एवढ्यावरच बंदिवासाच्या या कथांचे वाचन बहुधा थांबते. माझ्या मते त्यांचा खरा जीव रोजच्या प्रश्नांत आहे. परक्याच्या ताटातले खावे का? त्याने दिलेले नाव लावावे का? उद्या परत जायचे असेल, तर इथे घर बांधावे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर यिर्मयाने यरुशलेमहून धाडलेल्या पत्रात आहे. हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सुटकेचे वचन देत होता. यिर्मयाने सत्तर वर्षे सांगितली. घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या नगरात नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे त्याचे सांगणे. ज्यांनी आपले शहर लुटले त्यांच्याच शहरासाठी प्रार्थना! हे पत्र पचवायला किती जड गेले असेल, याची कल्पना करता येते.

तरी लोकांनी ते पाळल्यासारखे दिसते. दक्षिण इराकमधील ‘आल-याहुदू’, म्हणजे यहूदानगर, या वसाहतीशी जोडलेल्या पाट्यांचा एक मोठा संच लॉरी पिअर्स आणि कोर्नेलिया वुन्श यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. पाट्या बाजारातून आलेल्या, त्यामुळे त्या नेमक्या कोणत्या जागी सापडल्या हे हरवले आहे, आणि हे नुकसान भरून येणारे नाही. पण मजकूर बोलका आहे. सर्वांत जुनी पाटी इ.स.पू. ५७२ ची. त्यांत शेतसारा आहे, खजूर आणि जव आहेत, कर्ज आहे. माणसांच्या नावांत मात्र ‘याहू’ हे देवाचे नाव टिकून आहे. कालव्यावर शेती करणारी ही माणसे रडत बसलेली नव्हती, आणि विसरलेलीही नव्हती.

दानीएलचा ग्रंथ आजच्या रूपात इ.स.पू. दुसऱ्या शतकातला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे जुन्या बंदिवासाची गोष्ट नव्या छळाच्या काळात धीर देण्यासाठी सांगितली गेली. तिथला दानीएल बेल्टशस्सर हे बाबेली नाव स्वीकारतो, खास्द्यांची विद्या शिकतो, दरबारी नोकरी करतो. राजाचे अन्न मात्र नाकारतो. दहा दिवस भाजी आणि पाण्यावर राहून दाखवतो. माडीवरच्या खोलीची यरुशलेमच्या दिशेची खिडकी उघडी ठेवून तो दिवसातून तीनदा प्रार्थना करतो. एस्तेर नेमकी उलट. इराणच्या राजाच्या शूशन येथील राजवाड्यात ती आपले कूळ लपवते, राणी होते, आणि वेळ आली तेव्हा तीन दिवस उपास करून राजासमोर उभी राहते. तिच्या हिब्रू ग्रंथात देवाचे नाव एकदाही येत नाही.

राजाच्या पंगतीला बसलेला यहोयाखीन, ते ताट नाकारणारा दानीएल, आणि ओळख लपवलेली एस्तेर. एकाच शास्त्राने तिघांनाही जागा दिली. काय घ्यावे याचे एकच उत्तर नव्हते. महिन्यांची नावे बाबेलची आली, निसान, तिश्री. लिपी अरामी आली. सोडायचे काय नाही, हे मात्र ठरलेले होते. निप्पूर येथे १८९३ मध्ये सापडलेल्या मुराशू घराण्याच्या दप्तरात यहुदी माणसांचे एक नाव भेटते: शब्बताई. शब्बाथावरून, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसावरून, पडलेले नाव. मंदिर दगडाचे होते, जळाले. शब्बाथ काळात उभा होता. त्याला जाळता येत नव्हते.

ही गोष्ट आपल्या कोकणालाही माहीत आहे. बेने इस्राएल या यहुदी समाजाचे पूर्वज नेमके कोणत्या वाटेने आले, यावर एकमत नाही. पण गावावरून पडलेली आडनावे आणि मराठी भाषा घेऊन ते रायगडच्या किनाऱ्यावर मिसळले. एस्तेरच्या स्मरणाचा पुरीम त्यांच्याकडे ‘होळीचा सण’ झाला, योम किप्पूर ‘दारफाळणीचा सण’. त्यांच्या सिनेगॉगमधील हेखल, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचे कपाट, पश्चिमेकडे, म्हणजे यरुशलेमकडे असते. दानीएलची खिडकीच ती.

तेल गाळणे हा त्यांचा धंदा, आणि आठवड्यातून एक दिवस त्यांचा घाणा थांबे. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना जे नाव दिले, त्यात जात नव्हे तर एक दिवस आधी येतो: शनवार तेली.