सुरी कशी पारखावी?

आजचा विषय ऐकून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. ज्या व्यासपीठावर साहित्य, इतिहास आणि वेदान्त यांची चर्चा होते, तेथे सुरीचे काय काम? परंतु हत्यारावाचून माणसाचा संसार एक दिवस चालत नाही, आणि ते कसे पारखून घ्यावे हे शिकल्यासवरल्या माणसांना क्वचितच ठाऊक असते. सातपुड्यात, सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर वसलेल्या तोरणमाळला आपल्यापैकी पुष्कळ जण मुक्कामाला जातात. यशवंत तलावाकाठी हिंडतात, सीताखाई पाहतात. त्यांच्या पिशवीत एखादी चकचकीत, महागडी सुरी असते, आणि ती साधी दोरीसुद्धा धड कापीत नाही.

दुकानदार या सुरीला ‘शिकारी सुरी’ म्हणतात. त्या नावाला भुलू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातील शिकारीला बंदी घातली आहे. तेव्हा प्रश्न उरतो तो मुक्कामातील कामांचा. दोरी कापणे, भाजी चिरणे, वाळक्या काटकीच्या ढलप्या काढणे, तंबूच्या खुंटीला टोक करणे, एवढीच ती कामे. त्यांना चार ते पाच इंचांचे पाते पुरते. लाकूड फोडायला कुऱ्हाड आहे आणि झुडूप छाटायला कोयता आहे. सातपुड्यातील भिल्ल किंवा पावरा माणूस एकाच हत्याराकडून सारी कामे करवून घेत नाही. आपणही घेऊ नयेत. शिवाय नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते, घरगुती वा शेतीकामाचे नसेल तर, शस्त्रविषयक नियमांत शस्त्र म्हणून गणले जाते. हौसेखातर ते झेंगट कशाला?

आता घडीचा चाकू घ्यावा की अखंड सुरी? घडीचा चाकू खिशात मावतो, हे खरे. पण त्याच्या सांध्यात माती जाते, खीळ सैल होते, आणि जोर देताना पाते उलटून बोटांवर मिटते. माझे आयुष्य कामगारांत गेले. तुटलेल्या बोटांचे अर्ज मी पुष्कळ लिहिले आहेत. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात एक अंगठा गेला तर माणसाची कमाईची शक्ती तीस टक्के घटली, असे धरले जाई. बोटाची किंमत अशी टक्क्यांत मोजण्याची पाळी येऊ नये, म्हणून जोराच्या कामाला अखंड सुरीच बरी.

सुरीचा जीव पोलादात असतो. लोखंडात कार्बनचे प्रमाण फार कमी असले तर ते कितीही तापवून विझवले तरी कठीण होत नाही. मोटारीच्या कमानपाट्याच्या पोलादात ते साधारण अर्ध्या टक्क्याहून थोडे अधिक असते. म्हणूनच आपले लोहार ते पोलाद आवडीने वापरतात. पाते लाल तापवून विझवले की कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवावे लागते. घासून उजळलेल्या पात्यावर गवतासारखा पिवळा रंग चढला की थांबायचे. हेच ‘पाणी देणे’. पाणी बरोबर बसले की नाही, हे कानशीने कळते. मुठीजवळ धारेवर कानस हलकेच फिरवावी. ती लोण्यात रुतल्यासारखी रुतली तर पाते मऊ आहे. घसरली तर कठीण आहे.

मग मूठ पाहावी. पात्याचे शेपूट मुठीच्या टोकापर्यंत गेलेले आणि दोन-तीन खिळ्यांनी पक्के ठोकलेले असावे. शेपूट बारीक असले तरी चालते, पण ते मुठीत खोल गेलेले हवे. स्वीडनमधील मोरा गावच्या स्वस्त सुऱ्या अशाच असतात आणि तिकडचे सुतार त्या रोज वापरतात. मूठ धावड्यासारख्या चिवट लाकडाची, हाताला भरणारी असावी. तीवर नक्षी नसली तरी बिघडत नाही.

किमतीविषयी एकच सांगणे आहे. पैसा पात्याला द्यावा, पेटीला आणि छापाला देऊ नये. आठवडी बाजारातील लोहाराकडून घेतलेली सुरी स्वस्त पडते, पण म्हणून त्याच्याशी फार घासाघीस करू नये. दुसऱ्यांदा तापवायला कोळसा लागतो आणि वेळ लागतो. आपण त्याची मजुरी छाटली तर तो ही पायरी गाळील, आणि ठिसूळ पाते आपल्याच हातात मोडेल.

असे साधे पोलाद गंजते. तोरणमाळच्या पावसात ओली सुरी कातडी म्यानात ठेवली तर दोन दिवसांत डाग पडतात. ती पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवावी. न गंजणाऱ्या पोलादात क्रोमियम निदान साडेदहा टक्के असते. निगा राखण्याचा कंटाळा असेल त्याने ते घ्यावे. धार दगडावर पाणी घालून लावावी. कोरड्या फिरत्या चाकावर पाते तापून निळे पडले की दिलेले पाणी उतरते. बोथट सुरीला जोर जास्त लागतो, म्हणून ती धारदार सुरीपेक्षा अधिक इजा करते.

शेवटी सुरीने काय करू नये तेही ध्यानात ठेवा. राखीव वनातले जिवंत झाड तोडणे हा गुन्हा आहे. आणि सर्पदंश झाला तर जखम मुळीच कापू नये. विष त्याने निघत नाही, रक्तस्राव मात्र वाढतो. जखम चोखू नये, दोरीने करकचून बांधू नये. तो अवयव हलू न देता माणसाला तातडीने रुग्णालयात न्यावे. त्या वेळी सुरी म्यानातच राहू द्यावी.