पायताणाचे दुकान आणि संगणकाची भाषा

कोल्हापुरी वहाण, किंवा कोल्हापूरकरांचे 'पायताण', सर्वदूर प्रसिद्ध आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकनही लाभले. आता अशी कल्पना करा की, काही कारागिरांनी एकत्र येऊन आपला माल स्वतःच्या संकेतस्थळावरून विकण्याचे ठरविले आहे. या दुकानाची आज्ञावली कोणत्या भाषेत लिहावी?

दुकान 'क्लाउड'वर राहील. क्लाउड म्हणजे ढग खरा. पण आपली आज्ञावली आकाशात नसते. ती मोठ्या कंपन्यांच्या संगणकगृहांतील यंत्रांवर भाड्याने नांदते. पुण्याच्या व मुंबईच्या परिसरातही अशी सोय आहे. यंत्र किती वेळ वापरले, त्याची स्मृती किती व्यापली, यांवर भाडे ठरते. म्हणूनच भाषेच्या निवडीत कारागिरांचा पैसा गुंतलेला असतो.

ग्राहकाच्या ब्राउझरमधील भागासाठी बहुधा जावास्क्रिप्टच वापरावी लागते. निवड करावयाची ती सर्व्हरवरील भागासाठी. १९९१ साली प्रसिद्ध झालेली पायथॉन वाचावयास सुबोध, पण चालीने मंद. १९९५ ची जावा अधिक काटेकोर. आकड्याच्या जागी अक्षरे आली, तर अशा पुष्कळ चुका आज्ञावली चालण्यापूर्वीच पकडल्या जातात. मात्र ती स्मृती अधिक व्यापते. २००९ साली गूगलने प्रसिद्ध केलेली गो चपळ आणि हलकी आहे.

मग सर्वांत चपळ तीच घ्यावी काय? घाई करू नका. अशा दुकानाच्या आज्ञावलीचा बराचसा वेळ नोंदींच्या कोठारातून उत्तर येण्याची वाट पाहण्यातच जातो. तेथे भाषेची चपळाई फारशी उपयोगी पडत नाही. फेसबुक २००४ साली पीएचपी या साध्या भाषेत सुरू झाले. पुढे भार अतोनात वाढला, तेव्हाही त्यांनी सारे लेखन टाकून दिले नाही. तेच सी प्लस प्लस भाषेत रूपांतरित करणारे साधन त्यांनी घडविले व २०१० साली ते जाहीर केले. आपल्या पायताणांना एवढी गर्दी होण्यास, माझ्या मते, अजून अवकाश आहे!

खरी अडचण निराळीच असते. एखाद्या हुशार तरुणाने विरळा भाषेत दुकान रचून दिले आणि तो नोकरीसाठी परगावी गेला, तर ऐन दिवाळीत बिघाड झाल्यावर दुरुस्ती कोण करणार? गावातच जाणकार मिळतील अशी भाषा हवी. मी तरी येथे पायथॉनच निवडीन. पुढे एखादे काम फार जड झाले, तर तेवढाच भाग गो भाषेत वेगळा लिहिता येईल; एकाच क्लाउडवर दोन भाषा शेजारी शेजारी सुखाने नांदतात.