निश्चय ढळल्यानंतरची प्रार्थना

समर्थ रामदास म्हटले की महाराष्ट्राला गावोगावचे मारुती आठवतात, दासबोधातला प्रयत्नाचा आग्रह आठवतो आणि मनाच्या श्लोकांतला ठाम स्वर आठवतो. त्या २०५ श्लोकांत ते मनाला समजावतात, दटावतात, वाट दाखवतात. त्याच रामदासांची करुणाष्टके वाचताना मात्र वेगळाच माणूस भेटतो. मन आवरता आवरत नाही, केलेला निश्चय टिकत नाही, आप्त आणि धन यांची ओढ सुटत नाही, आयुष्य भजनावाचून चालले, अशी कबुली तो रामापुढे देतो आणि करुणा भाकतो. मनाला आज्ञा करणारा आणि मनापुढे हतबल झालेला, हे दोघे एकच आहेत. यात विसंगती नाही. कुठे जायचे ते आज्ञा सांगते. तिथवर पाय पोचत नाहीत तेव्हा काय करायचे, हे प्रार्थना शिकवते.

मोडलेल्या संकल्पानंतर आपण सहसा दोनच गोष्टी करतो. एक तर सबबी शोधतो, नाहीतर ‘आपल्याच्याने काही होणार नाही’ असे म्हणून प्रयत्न सोडतो. दोन्हींचा शेवट एकच, माणूस होता तिथेच राहतो. करुणाष्टकांतली विनवणी या दोन्ही वाटा टाळते. ती दोषाला दोष म्हणते, पण दोष म्हणजेच मी, असे मानत नाही. ऐकणारा दयाळू आहे या भरवशामुळेच खरे बोलण्याचे धैर्य येते; जिथे फक्त शिक्षेची भीती असते, तिथे माणूस लपवत राहतो. शिवाय इथला अनुताप रोजचा आहे. मनाचे नूतनीकरण एकदाच उरकता येत नाही, हे रामदासांनी गृहीत धरले आहे. दिवेलागणीला घराघरांत करुणाष्टके म्हणण्याची रीत म्हणूनच अर्थपूर्ण वाटते. दिवसभराचा हिशेब ताजा असतानाच ती कबुली ओठांवर येते.

यावर कोणी म्हणेल, देवापुढे दीन होणे हा स्तोत्रांचा ठरलेला साचा आहे, त्यात मनापासूनचे ते काय? साचा आहे हे खरे. पण स्वतःचे शब्द न सुचणाऱ्या माणसाला आपले दुःख मांडायला तोच उपयोगी पडतो. दुसरा आक्षेप असा की, देवावर भार टाकणारा माणूस निष्क्रिय होतो. रामदासांचे चरित्रच त्याचे उत्तर आहे. टाकळीची बारा वर्षांची साधना, त्यानंतरचे देशाटन, १६४८ मध्ये चाफळला राममंदिराची स्थापना आणि वीस दशकांचा दासबोध, एवढे काम उभे करणाऱ्याची ही प्रार्थना आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. नम्रतेचा उपदेश नेहमी दुबळ्यालाच का केला जातो? चोखामेळ्याला विठ्ठलाच्या मंदिराबाहेर ठेवणाऱ्या समाजाने त्याच्यावर हीनपणा लादला होता. म्हणून इथे भेद काटेकोरपणे केला पाहिजे. आपल्या वागण्यातला दोष आपण होऊन ओळखणे ही प्रार्थना. दुसऱ्याने जन्मावरून ठरवलेला कमीपणा मान्य करणे ही गुलामी. हा भेद ज्याला उमगला, तो अन्यायापुढे वाकत नाही. साने गुरुजींचा पिंड प्रार्थनेचा होता, आणि पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषणाला बसले तेही तेच.

तेव्हा अशा प्रार्थनेची कसोटी तिच्या आर्ततेत शोधू नये. जो दोष देवापुढे कबूल केला, त्याची झळ ज्या माणसाला लागली त्याच्याकडे आपण गेलो का, चूक दुरुस्त करायला हात घातला का, हे पाहावे. आणि उद्या पुन्हा तोल गेला, तरी पुन्हा मागण्याची लाज वाटू देऊ नये. रामदासांसारख्या खंबीर पुरुषालाही ती वाटली नाही.