जुनी गाडी घेताना : आधी कागद, मग इंजिन, शेवटी इसार

मी बपेऱ्याहून बोलते आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. मागच्या महिन्यात आमच्या बैठकीत एकाच दिवशी कर्जाच्या दोन मागण्या आल्या, आणि दोन्ही जुन्या कारसाठी. एका ताईंना पापड, लोणची तुमसरच्या बाजारात न्यायची आहेत. दुसरीच्या सासूबाईंना वरचेवर दवाखान्यात न्यावे लागते, आणि रात्री वेळेवर वाहन मिळत नाही. दोघींचीही गरज खरी आहे. पण गटाचा पैसा म्हणजे दहा-बारा बायकांची बचत. गाडी फसवी निघाली तर ती दारात उभी राहते आणि हप्ता मात्र चालूच राहतो. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्याच घरी झाले आहे.

आपले गाव राज्याच्या सीमेवर. नदी ओलांडली की मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा. तिकडची ‘एमपी ५०’ पासिंगची गाडी आपल्या ‘एमएच ३६’ पेक्षा स्वस्त मिळते म्हणून आम्ही घेतली. इंजिन चांगले होते, रंग चांगला होता. स्टॅम्पपेपरवर करारनामा केला, पैसे दिले, गाडी आणली. सहा महिन्यांनी नावावर करायला गेलो तर कळले, मूळ मालकाने बँकेचे कर्ज फेडलेलेच नाही. तो फोन उचलेना. गाडी आठ महिने अंगणात ताडपत्रीखाली होती, तिच्यावर कोंबड्या बसायच्या. शेवटी त्याचे राहिलेले हप्ते आम्हीच भरले, तेव्हा कागद सुटले. स्वस्त गाडी अशी महाग पडली.

म्हणून पहिली गोष्ट, आधी कागद पाहा. आरसी बुक हा गाडीचा सातबारा समजा. शेत घेताना आपण सातबाऱ्यावर बोजा आहे का, हे पाहतो. तसेच आरसीवर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव आहे का, ते पाहा. असेल तर बँकेचा कर्ज फिटल्याचा दाखला आणि फॉर्म ३५ लागतो. ‘एम-परिवहन’ या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा, बोजा आणि थकलेले चलान यांची माहिती मिळते. हे काम आपल्या मुली मोबाईलवर पाच मिनिटांत करून देतील.

आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी अंक-अंक जुळवून घ्या. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला नंबर दिसला तर तिथूनच परत फिरा.

गाडीचे वयही पाहा. खाजगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून ही फी ६०० वरून ५००० रुपये झाली, आणि पर्यावरण कर वेगळा. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, ते यावरून ध्यानात येईल.

गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या परिवहन कार्यालयाची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हवी. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इकडे ठेवायची असेल तर इथे नवा नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. तो खर्च किमतीत धरा, मगच स्वस्त की महाग ते ठरवा.

आता गाडी पाहू. पाहायला सकाळी, उजेडात जा. मालकाला आधीच सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर गाडी आधीच सुरू करून ठेवली होती, असे समजा. थंड इंजिनच आपले दोष सांगते, गरम इंजिन ते लपवते.

थंड असतानाच ऑइलचे झाकण उघडा. आतल्या बाजूला दुधाच्या चहासारखा फेस दिसला तर ऑइलमध्ये पाणी गेले आहे. तो खर्च मोठा असतो. रेडिएटरचे झाकणही थंड असतानाच उघडायचे. गरम असताना उघडले तर उकळते पाणी अंगावर उडते.

मग गाडी सुरू करायला सांगा आणि तुम्ही मागे सायलेन्सरजवळ उभ्या राहा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ येतेच, त्याने घाबरू नका. पण इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर पाणी आत जाते आहे. इंजिन चालू असताना ऑइलच्या झाकणातून धुराचे भपके जोरात बाहेर येत असतील तर इंजिन थकलेले आहे.

गाडी स्वतः चालवा, नाहीतर ओळखीच्या मिस्त्रीला चालवायला द्या. मिस्त्री आपला हवा, विकणाऱ्याने आणलेला नको. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना पुढच्या चाकातून कटकट आवाज आला तर एक्सलचा जॉइंट गेलेला असतो. खड्ड्यात खडखड झाली तर शॉकअप किंवा खालचे बुश पाहावे लागतात. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, तेही पाहा. क्लच तपासायची सोपी रीत अशी : समोर मोकळी जागा ठेवा, हँडब्रेक ओढा, दुसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच ठीक. इंजिन फिरतच राहिले तर क्लचप्लेट घासलेली आहे.

मीटरवर विश्वास ठेवू नका, ते मागे फिरवता येते. मीटर तीस हजार दाखवते आणि पायाखालचे पेडलचे रबर गुळगुळीत झालेले, स्टिअरिंग चकाकते, असे असेल तर समजून जा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुनी नोंद सापडते, तिथे विचारा. टायरवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर एकाच बाजूने झिजले असतील तर चाके सरळ नाहीत, किंवा अपघात झालेला असू शकतो. फ्रिजवरचे चुंबक फडक्यात गुंडाळून दारांवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली असते. बंपर प्लास्टिकचा असतो, तो सोडून द्या.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीला वैनगंगेला आलेला पूर आपण विसरलेलो नाही. भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले होते. अशा पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, आत गाळाची रेघ दिसते. पायाखालची मॅट उचला, स्टेपनीच्या खाली हात घाला, सीटचे बोल्ट गंजलेत का पाहा. अत्तराचा वास फार येत असेल तर त्याखाली कुबट वास लपलेला असू शकतो. बुडालेल्या गाडीच्या वायरी पुढे वर्ष-दोन वर्षे त्रास देतात.

सीएनजी असेल तर आरसीवर तशी नोंद हवी. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिचे प्रमाणपत्र मागा.

सगळे पटले तरी पूर्ण पैसे एकदम देऊ नका. थोडा इसार द्या, पावती घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या, आरसी, विमा, पीयूसी आणि बाहेरची गाडी असेल तर एनओसी हातात पडल्यावरच उरलेली रक्कम द्या, तीही बँकेतून. नावावर करण्याचा अर्ज ३० दिवसांच्या आत आणि विमा नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांच्या आत करायचा. फेरफार न करता शेत घेतले तर काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे. गाडीचेही तेच. आणि कधी आपली गाडी विकली तर तिथेही नाव बदलून घ्या. कागदावर ज्याचे नाव, तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे.

आणखी एक. खाजगी पासिंगच्या गाडीतून भाडे घेऊन माणसे नेता येत नाहीत. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

शेवटचे बोलते. गटाचे कर्ज बाईच्या नावावर, हप्ता बाई भरते, आणि गाडी मात्र दुसऱ्याच्या नावावर, असे आपल्याकडे फार होते. यापुढे आमच्या बैठकीत गाडीच्या कर्जाचा अर्ज आला की मी पहिला प्रश्न हाच विचारणार आहे : ताई, आरसीवर नाव कोणाचे लागणार? त्या दोन्ही ताईंनी उत्तर दिले आहे, ‘माझे.’ आता त्या मिस्त्रीला घेऊन गाडी पाहायला निघाल्या आहेत. सोबत फडक्यात गुंडाळलेले चुंबकही नेले आहे.