लाडू गोल, भाकरीही गोल!

लाडूचा आकार कोणता, असे पहिलीतल्या मुलाला विचारून पाहा. उत्तर येईल, गोल. भाकरीचा? गोल. बांगडीचा? तोही गोलच. यात मुलाचे काही चुकत नाही, आपली बोलीच तशी आहे. फळ्यावर वर्तुळ काढून आपणही ‘हा गोल’ म्हणतो. वरच्या वर्गात वर्तुळ निराळे आणि गोल निराळा असे सांगू लागलो, की मग गोंधळ उडतो.

आकार शिकवताना बहुधा तक्त्यावरील वर्तुळ, चौरस, त्रिकोण यांपासून सुरुवात होते आणि घन, शंकू, वृत्तचिती नंतर येतात. मोठ्यांना सपाट आकृती सोपी वाटते. पण मुलाने आजवर हाताळलेली प्रत्येक वस्तू लांबी, रुंदी आणि जाडी असलेलीच असते. नुसता चौरस कोणी उचललेला नाही. पुठ्ठ्याच्या चौरसालाही थोडी जाडी असतेच. जर्मनीतील फ्रोबेल यांनी हे ओळखले होते. त्यांनी १८३७ मध्ये बालशिक्षणाची संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्यांच्या साधनांत प्रथम लोकरीचे चेंडू, मग लाकडी गोल, वृत्तचिती व घन असा क्रम आहे. सपाट तुकडे येतात ते सातव्या संचात.

तेव्हा वस्तूपासून निघावे. काड्यापेटी पाटीवर ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवायला सांगा. आयत मिळेल. पेटी दुसऱ्या बाजूवर उभी केली की निराळा आयत. सहा पृष्ठांचे तीन प्रकारचे आयत, प्रत्येक दोनदा, हे मुले स्वतःच शोधतात. आता खडू घ्या. त्याची दोन्ही टोके गिरवली तर साध्या खडूची वर्तुळे लहानमोठी येतात. म्हणजे खडूला आपण वृत्तचिती म्हणतो ते पुरते खरे नाही! चेंडू मात्र गिरवता येत नाही. तो पाटीला एका बिंदूपाशीच टेकतो. वर्तुळ आणि गोल यांतला फरक इथे बोटांना कळतो.

‘भरीव आकार’ हा शब्द मात्र जपून वापरावा. रिकामे खोकेही इष्टिकाचितीच असते.

दुसरी अडचण चौरसाची. तो कोपऱ्यावर उभा काढला की मुले त्याला शंकरपाळी म्हणतात. हॉलंडमधील पिएर व डिना व्हान हीले या शिक्षक दांपत्याने १९५७ च्या आपल्या प्रबंधांत याचा विचार केला आहे. प्रथम मूल आकृतीचे एकूण रूप ओळखते. बाजू समान आहेत का, कोन काटकोन आहेत का, हे नंतर पाहू लागते. त्या टप्प्यावर नुसती व्याख्या पाठ करून घेतल्याने काही साधत नाही. पुठ्ठ्याचा चौरस मुलाच्या हाती द्या, त्यालाच तो फिरवू द्या आणि विचारा, ‘आता हा बदलला का?’

थोड्या मोठ्या मुलांना खोके उलगडायला द्यावे. घन उलगडला की कडेला कड जोडलेले सहा चौरस दिसतात. असे सहा चौरस चौकटीच्या वहीवर निरनिराळ्या रीतींनी मांडून, कापून, घडी घालून पाहावे. कोणत्या मांडणीतून घन होतो? चार चौरस ओळीत आणि उरलेले दोन ओळीच्या दोन बाजूंना एकेक, मग ते कुठेही जोडा, घन होतोच. दोन्ही एकाच बाजूला जोडले तर एक तोंड उघडे राहते आणि समोरच्या तोंडावर दोन झाकणे येतात. फिरवून किंवा उलटून सारख्या होणाऱ्या मांडण्या एकच धरल्या, तर चालणाऱ्या मांडण्या ११ आहेत. हा आकडा वर्गात आधी सांगू नये. मुलांची यादी नवावर अडकली की खरी धमाल सुरू होते.

आणि चेंडू? तो असा उलगडत नाही. संत्र्याची साल पाटीवर दाबली तर फाटते. पृथ्वीचा नकाशा कागदावर काढताना हीच अडचण येते. म्हणून मर्केटर पद्धतीच्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे.