शिकारीला जायचंय, सोमवारची रजा हवी!

शुक्रवार, संध्याकाळचे सव्वापाच. अंधेरीच्या ऑफिसात मी पाठीवर सॅक अडकवून दारापर्यंत पोचलेच होते, तेवढ्यात मागून बॉसचा आवाज आला, ‘‘दोन मिनिटं बसतेस का जरा?’’ बॉसची दोन मिनिटं म्हणजे किती, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको! इकडे माझ्या डोक्यात गणित चाललेलं. मेट्रोने घाटकोपर, घाटकोपरहून ठाणे लोकल आणि ठाण्याला विदर्भ एक्स्प्रेस. ‘‘सर, ट्रेन आहे.’’ ‘‘कुठे निघालीस?’’ ‘‘शिकारीला!’’ सर नुसते बघतच राहिले आणि तेवढ्यात मी सटकले.

घाबरू नका मंडळी. आमच्याकडे बंदूक नव्हती. दोघांत मिळून एक भाड्याची लेन्स, एक दुर्बीण आणि आईने दिलेले चार थेपले एवढाच काय तो दारूगोळा. आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये थेपले सगळ्यांच्याच घरी होतात, गुजराती असायला लागत नाही!

तरीही मी ‘शिकार’ म्हणते. कारण खऱ्या शिकारीला जेवढं प्लॅनिंग लागायचं, तेवढंच आज ऑफिस सांभाळून वाघ बघायला लागतं.

पंधरा दिवसांचा ब्लॉक, तीन दिवसांचा वीकेण्ड

माझ्या आईचे मामा चंद्रपूरला असतात. वय नव्वदीच्या घरात, पण आठवणी एकदम ताज्या. त्यांचे वडील परवाना काढून शिकारीला जायचे. अण्णाआजोबा सांगतात, ‘‘उठलं आणि गेलं, असं नव्हतं गं. आधी परमिट. मग जंगलाचा ठरावीक ब्लॉक आपल्या नावावर व्हायचा, पंधरा दिवसांसाठी. कुठलं जनावर मारायचं आणि किती, तेही कागदावर लिहिलेलं. मग बैलगाडीतून तंबू, शिधा, हाकारे गोळा करायचे, मचाण बांधायचं.’’ आणि नोकरी? ‘‘नोकरी करणाऱ्याचं कामच नव्हतं ते!’’

म्हणजे पूर्वी ब्लॉक बुक व्हायचा, आता गेट बुक होतं. फरक एवढाच की त्यांच्या हाताशी पंधरा दिवस असायचे आणि आपल्या नशिबात फार तर एक सोमवार.

अर्थात फरक एवढाच नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि वाघाच्या शिकारीचं पर्व कायद्याने संपलं. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये ‘प्रोजेक्ट टायगर’ सुरू झाला. त्यातल्या पहिल्या नऊ ठिकाणांत आपला मेळघाट होता. २०२२ च्या गणनेनुसार देशात सरासरी ३,६८२ वाघ होते, त्यातले ४४४ महाराष्ट्रात. बंदुका खाली ठेवल्या म्हणून हा आकडा दिसतोय.

आमच्या ऑफिसात एक अतिहुशार आहे. त्याचा प्रश्न ठरलेला, ‘‘आफ्रिकेत पैसे भरून करता येते ना शिकार?’’ येते बाबा. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, टांझानिया अशा देशांत परवाना घेऊन येते. शेजारच्या केनियाने मात्र १९७७ सालीच ती बंद केली. आणि झिम्बाब्वेत २०१५ मध्ये ‘सेसिल’ नावाच्या सिंहाला एका अमेरिकन डेंटिस्टने मारलं, तेव्हा जगभरातून त्याच्यावर जो काही भडिमार झाला, तो आठवून बघ म्हणावं. आपला कॅमेराच बरा! एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या इंग्रज वनअधिकाऱ्याने शंभर वर्षांपूर्वीच रात्रीच्या अंधारात वाघ स्वतःच स्वतःचा फोटो काढेल, अशी तार-फ्लॅशची व्यवस्था केली होती. आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांचंच बघा. बंदूक हाताळलेला हा माणूस पुढे नागझिऱ्याच्या जंगलात मुक्काम ठोकून बसला आणि त्यातून ‘नागझिरा’ हे पुस्तक आलं.

एक रजा, चार सफारी

आता मुद्द्याचं. ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाचा कोअर भाग सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, भोवती अकराशे चौरस किलोमीटरचा बफर. सफारी दिवसातून दोन, सकाळी उजाडताना आणि दुपारनंतर. एका जिप्सीत सहाजण, सोबत गाईड सक्तीचा. आणि मंगळवारी ताडोबा बंद! हा मंगळवारच आपल्या प्लॅनचा हिरो आहे. कसा ते बघा.

शुक्रवारी संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस. मुलुंड-घाटकोपरवाल्यांनी ठाण्याला चढावं, अंधेरी-बोरिवलीकरांनी दादरला. शनिवारी सकाळी नागपूर. तिथून गाडी करून मोहर्ली किंवा कोलारा गेट. कोलारा नागपूरच्या बाजूला, मोहर्ली चंद्रपूरच्या. जेवायच्या वेळेला तुम्ही रूमवर. शनिवार दुपार एक सफारी, रविवारी दोन, सोमवारी सकाळी चौथी. जेवून नागपूरकडे निघा, रात्रीची दुरान्तो पकडा आणि मंगळवारी सकाळी सीएसएमटी. तुम्ही कार्ड स्वाइप करताय तेव्हा ताडोबाचं गेट बंद असतं. म्हणजे आपलं काहीच बुडलं नाही! एकूण रजा : १.

फक्त क्रम चुकवू नका. बहुतेकजण आधी रजा मागतात, मग ट्रेन बघतात आणि सफारी शेवटी. तिथेच विकेट पडते. आधी सफारीचं ऑनलाइन बुकिंग, कारण शनिवार-रविवारच्या जिप्सी पटापट भरतात (आणि वीकेण्डचा दरही जास्त असतो). मग रेल्वे. तिचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा. रजा सगळ्यात शेवटी, पण बॉसच्या कानावर आधीच घालून ठेवायची. बुकिंग करताना जे ओळखपत्र दिलंय, तेच मूळ ओळखपत्र गेटवर दाखवावं लागतं. ते मुलुंडच्या कपाटात राहिलं, तर मग बसा रूमवर!

महिना कुठला निवडायचा, हे तुमच्या ऑफिसवर. पावसाळ्यात कोअर बंद असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा मस्त, पण गवत उंच आणि पहाटेची थंडी उघड्या जिप्सीत हाडात शिरते. मार्चअखेर क्लोजिंग, विषयच संपला. एप्रिल-मे मध्ये चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास, पण जनावरं पाणवठ्यावर येतात, त्यामुळे दिसण्याचे चान्सेस जास्त. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण सुरू झालाय आणि गाडी काढायचा मोह होतोच. पण शुक्रवारी दिवसभर ऑफिस, रात्रभर ड्रायव्हिंग आणि मग शनिवारची सफारी, हे कृपा करून करू नका. ट्रेनमध्ये निदान झोप तरी होते.

पहिली ट्रिप, आणि आमची माती

एवढं सगळं मला आज कळतं. पहिल्या ट्रिपला मी एक्सेल शीट केली होती. तारीख, गेट, जिप्सी, खर्च आणि शेवटचा कॉलम : ‘सायटिंग’. महिन्याचं टार्गेट असतं ना ऑफिसात, अगदी तसंच. जंगल विदर्भातलंच, गेटचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण चूक गेटची नव्हती, आमची होती.

पहिल्या तीन सफारी कोरड्या. चितळं दिसली, मोर दिसले, गवे दिसले. आम्ही मान वळवून बघितलंही नाही. ‘‘चितळ काय, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पण दिसतं,’’ इति माझा मित्र. चौथी सफारी म्हणजे शेवटचा चान्स. तासाभराने झाडीत वाघीण दिसली. पाठोपाठ सात-आठ जिप्सी आल्या. ती रस्त्याच्या कडेला आली, थांबली, पुन्हा मागे गेली. आम्ही काय करावं? ‘‘भाऊ, पुढे घ्या ना जरा. आमची आज ट्रेन आहे हो!’’ मीच म्हणाले हे. भाऊंनी गाडी पुढे घेतली. मागच्याने आमचं बघून घेतली. वाघिणीला रस्ता ओलांडायचा होता आणि समोर गाड्यांची रांग.

आमचा गाईड एवढंच म्हणाला, ‘‘मॅडम, तिले जाऊ द्या न. पिल्लं तिकडं हायेत तिचे.’’

ती शेवटी गेली, बराच लांबचा वळसा घालून. मला फोटो मिळाला. ट्रेनमध्ये झूम करून बघितला, तर वाघिणीचे कान मागे पडलेले आणि कडेला दुसऱ्या जिप्सीचा टायर. तो फोटो मी कुठेही टाकला नाही.

पुढे ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ‘एफ-टू’ वाघीण आणि तिच्या पाच पिल्लांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. ड्रायव्हर, गाईड यांच्यावर कारवाई झाली. ऑफिसात सगळे म्हणाले, ‘‘काय हे ड्रायव्हर लोक!’’ मी गप्प. कारण मागच्या सीटवरून ‘पुढे घ्या ना’ कोण म्हणतं, ते मला चांगलं माहीत होतं. गाडी भाऊ चालवतो, पण त्याची टीप आपल्या हातात असते. आपल्याला सोमवारची ट्रेन असते, म्हणून वाघिणीला रस्ता मिळत नाही. हाक्याच्या शिकारीतही जनावराची वाट अशीच अडवायचे. अण्णाआजोबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘मग आमच्यात नि तुमच्यात काय फरक राहिला?’’

आता आमचे नियम

दुसऱ्या ट्रिपच्या वेळी शीट तीच ठेवली, ‘सायटिंग’चा कॉलम उडवला. जिप्सीत बसल्या-बसल्या भाऊंना आणि गाईडला सांगून टाकलं, ‘‘वाघ नाही दिसला तरी चालेल. गर्दी असेल तिथे नेऊ नका. टीप तेवढीच मिळेल.’’ दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग जे काही जंगल त्यांनी दाखवलं! रानकुत्र्यांची टोळी पाणवठ्यावर लहान मुलांसारखी दंगा करत होती. सांबराचा कॉल आला की गाडी बंद करून नुसतं ऐकत बसायचं. वानर खाकरलं, की ते कुठे बघतंय ते बघायचं.

आणि एक बोनस. ताडोबाच्या कोअरमध्ये मोबाईल न्यायला बंदी आहे. फोन रूमवर ठेवून निघताना माझ्या पोटात गोळा आला होता, खोटं कशाला बोलू? शुक्रवारी दुपारी हॅण्डओव्हरचा मेल टाकलेला, तरी वाटत होतं की क्लायंट पेटणार. परत येऊन बघितलं तर अकरा मेसेज. त्यातले नऊ ‘गुड मॉर्निंग’! माझ्यावाचून कंपनी चार तास चालली. थोडं वाईटच वाटलं म्हणा!

सोमवारही मिळत नसेल तर? आपल्या दारातच एकशे चार चौरस किलोमीटरचं जंगल आहे, बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तिथे बिबटे राहतात. सोमवारी ते बंद असतं, पण आपल्याला काय, आपला रविवार! पहाटे कान्हेरीच्या वाटेवर चाला किंवा गोरेगावला बीएनएचएसच्या केंद्राच्या नेचर ट्रेलला नाव नोंदवा. कुठला पक्षी का ओरडतोय, हे इथे शिकून घ्या. ताडोबात उपयोगी पडेल. रात्री टॉर्च घेऊन बिबट्या शोधायला मात्र जाऊ नका. तोही दिवसभर थकलेला असतो, आपल्यासारखाच.

त्या दुसऱ्या ट्रिपला चारही सफारींत आम्हाला वाघ दिसला नाही. मंगळवारी दुरान्तोतून उतरून, सॅकसकट ऑफिस गाठलं. सर लिफ्टपाशीच भेटले. ‘‘काय, मिळाली का शिकार?’’

‘‘नाही ना, सर,’’ मी म्हटलं, ‘‘आता नोव्हेंबरात अजून एक सोमवार लागेल.’’